नाकाची डावी बाजू

रज्जाकभाई, तुमच्या जियारतीच्या दिवशी तुमच्याच घरासमोर बसून मी पुन्हा एकदा खोटं बोललो. तुम्हाला मातीआड करून दोन दिवस झाले होते. तुमच्या नसीमने मला सरळ विचारलं, "सर, त्या लाल गाडीचं अब्बांनी नक्की काय काम केलं होतं?" अंगणात तुमच्या गल्लीतले पंचवीस-तीस लोक बसले होते, सगळ्यांचे कान माझ्याकडे. आणि मी, आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना 'माप चुकलं तर चुकलं म्हणा, लपवू नका' असं ओरडून सांगणारा मी, म्हणालो, "तुझे अब्बा फार मोठे कारागीर होते, बेटा."

"ते माहीत आहे, सर. मी गाडीचं विचारतेय."

मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, बस चुकेल असं काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. जळगावची बस दर थोड्या वेळाने असते हे तिलाही माहीत होतं. शिरपूरला शाळेत शिकवते ती, उत्तर टाळणारे विद्यार्थी तिने पुष्कळ पाहिले असतील.

म्हणून हे लिहितोय. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला. जिवंत होतात तेव्हा समोरासमोर बोलायची वीस वर्षं होती, तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि आता बघा कशी सुटली आहे.

ती गाडी आठवली की मला आधी सरकीचा वास येतो. जळगावात अण्णांच्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गोदामात ती उभी होती. दोन माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लांब नाकाची, इटलीतल्या एका छोट्या कारखान्यात साठ वर्षांपूर्वी बनलेली. तसल्या शंभरसुद्धा झाल्या नाहीत आणि कारखाना बंद पडला. शर्यतीत पळायला काढलेली ती गाडी अण्णांच्या वडिलांनी सातपुड्यापलीकडच्या कुठल्याशा छोट्या संस्थानिकाकडून हौसेने घेतली, जळगावच्या रस्त्यावर दोन उन्हाळे पळवली, टायर मिळेनात म्हणून गोदामात ठेवली. पुढे तिच्यावर पोती रचली गेली. पत्र्याच्या छपरातून पाणी गळायचं ते नेमकं डाव्या कोपऱ्यात. ओली सरकी वर्षानुवर्षं गाडीच्या डाव्या गालाला चिकटून कुजत राहिली. आम्ही पोती हलवली तेव्हा नाकाची उजवी बाजू धुळीखाली शाबूत होती आणि डावी पापडासारखी बोटाने मोडत होती.

अण्णा म्हणाले, "मास्तर, चालू झाली तर बघा. नाहीतर भंगारात जाईल." इंजिनाचं मी बघेन म्हटलं, आणि ते मी बघितलं. तेवढं श्रेय माझं आहे, ते मी सोडणार नाही. पण पत्रा माझा विषय नव्हता. पत्रा म्हटल्यावर धुळ्याच्या हायवेवरचं तुमचं दुकान आठवलं. परीक्षक म्हणून धुळ्याला आलो की मी तुमच्याकडे चहाला बसायचो आणि तुम्ही ट्रकचे, जीपचे चेपलेले पत्रे पूर्ववत करताना बघायचो. धुळ्यात डेंटर चिक्कार होते. पण बाकीचे पत्रा ठोकायचे आणि तुम्ही आधी बराच वेळ त्यावरून नुसता हात फिरवायचात. मला ते थोडं नाटक वाटायचं, खरं सांगतो.

तुम्ही गाडी पहिल्यांदा बघितलीत तो दिवस आठवतो. तुम्ही चपला गोदामाच्या दाराशी काढल्यात. मी म्हटलं, अहो, इथे खिळे पडलेत. तुम्ही ऐकलं नाही. उजव्या बाजूच्या आत हात घालून, डोळे मिटून, पाच मिनिटं तसेच बसलात. मग म्हणालात, "मास्तर, हाई गाडी मशिनवर नही, हातवर बनाडेल शे. अन तो मानूस उजवा व्हता."

मी हसलो. जगातली दहातली नऊ माणसं उजवीच असतात, त्यात काय शोध लावलात, असं म्हणालो.

आठ महिने. तुम्ही सोमवारी सकाळच्या बसने यायचात, पिंप्राळ्यात आमच्या पुढच्या खोलीत राहायचात आणि जुम्म्याच्या नमाजाला धुळ्याला परतायचात. मागे दुकानावर कुणी नसायचं. तुमची ठरलेली गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायला लागली, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मला ते काल कळलं. आमच्या मालतीच्या हातचं भरीत तुम्हाला आवडायचं, पण कौतुकसुद्धा तुम्ही तक्रार केल्यासारखं करायचात. "वहिनी, भरीतमा आज मिरची कमी पडनी," म्हणत तिसरी भाकरी घ्यायचात. मालती म्हणायची, हा माणूस घरात असला की घर भरल्यासारखं वाटतं. मी घरात असताना तिने असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

अॅल्युमिनियमचा पत्रा तुम्ही कसा नरम केलात ते मी नंतर कितीतरी वर्गांना सांगितलं, कुठल्या गाडीचं ते गाळून. पत्र्यावर अंगाचा साबण फासायचा, खालून गॅसचा जाळ द्यायचा, साबण काळा पडला की थांबायचं. त्याच्या पुढे गेलं की पत्रा वितळतो, मागे राहिलं की तडकतो. बाभळीच्या ओंडक्यात खोलगट कोरून त्यावर लाकडी हातोडीने तुम्ही तो हळूहळू फुगवत न्यायचात. वर्गात हे सांगताना मी 'आम्ही असं केलं' म्हणायचो. 'आम्ही'. काडीइतकी मदत केली नव्हती मी त्यात. साबण मात्र आमच्या न्हाणीतला होता.

आणि मग ते भांडण.

मी उजव्या बाजूची मापं घेतली होती. दर दोन इंचाला एक असे प्लायवूडचे साचे कापले होते, उलटे करून डाव्या बाजूला लावायचे म्हणजे दोन्ही बाजू आरशासारख्या येणार. मला त्या साच्यांचा फार अभिमान होता. तुमचा पत्रा तयार झाला, मी साचा लावला, तर तुमची बाजू दीड सूत, म्हणजे पाव इंचाला थोडी कमी, बाहेर. सगळीकडे नाही, दिव्याच्या खाली, गालाच्या गोलाईत. मी म्हटलं, रज्जाकभाई, चुकलंय. तुम्ही म्हणालात, चुकलं नाही, तसंच आहे.

"तसंच आहे म्हणजे? मूळ डावी बाजू तर कुजली. तुम्ही बघितली कुठे?"

तुम्ही मला उजव्या बाजूच्या आतले ठोक्यांचे वण दाखवलेत. मला ते धड दिसतही नव्हते. तुम्ही माझं बोट धरून त्यावरून फिरवलंत. हे ठोके बाहेरून आत येतात, म्हणालात. उजव्या हाताच्या माणसाला या बाजूला उभं राहून मारायला सोपं. त्या बाजूला गेला की त्याला हात आडवा घालून, आतून बाहेर मारावं लागणार. तिथे ठोका जड पडतो, पत्रा जास्त ताणला जातो. या माणसाची डावी बाजू फुगीरच येणार, एकदा नाही, दर वेळी. मग तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "दोन्ही गाल सारखा कोना ऱ्हातस, मास्तर? बठ्ठं मापवर नही चालस."

सगळं मापावर चालत नाही, हे मला, मापं शिकवणाऱ्याला! मी चिडलो. माझ्या साच्यांना तुम्ही हातसुद्धा लावला नव्हता. न बघितलेल्या, कधीच मेलेल्या माणसाच्या हाताची लकब तुम्ही मला सांगत होतात आणि माझ्याकडे पट्टी होती. मी म्हणालो, "माझ्या वर्गात असता तर तुम्हाला नापास केलं असतं." सातवी शिकलेल्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या माणसाला मी हे म्हणालो.

"करा ना नापास," तुम्ही शांतपणे म्हणालात. "पन पत्रा असाच ऱ्हाऊ द्या."

राहू दिला, तो तुमचं पटलं म्हणून नव्हे. दुसरा ठोकायला वेळ नव्हता आणि लाल रंग लागल्यावर कुणाला दिसणार आहे, असा हिशेब मी केला. चार दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी माझ्यासाठी खारे दाणे घेऊन यायचात.

आता खरी गोष्ट. ती मी मालतीलाही पूर्ण सांगितली नव्हती. या गाड्यांच्या मालकांचा परदेशात एक संघ आहे, उरलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ते ठेवतात. अण्णांच्या नावाने अर्ज मी लिहिला, कारण इंग्रजी पत्रं लिहायची मला हौस. त्यांच्या दोन याद्या होत्या. ज्या गाड्यांचा पत्रा मूळचा, त्या पहिल्या यादीत. ज्यांचा नंतर कुणी बनवला, त्या दुसऱ्या. अण्णांना मी फरक समजावला तेव्हा ते म्हणाले, "पहिली काय, दुसरी काय, गाडी चालते ना?" म्हणजे त्यांच्यामुळे झालं असंही म्हणायची सोय नाही. मलाच दुसरी यादी नको होती. आयुष्यभर दुसऱ्या फळीतल्या गावात, दुसऱ्या फळीतली नोकरी केली असं मला वाटत आलं होतं. तेव्हा मी अर्जात लिहून टाकलं की नाकासकट सगळा पत्रा मूळचा आहे, आम्ही फक्त स्वच्छ केला. तुम्ही त्या वेळी दहा फुटांवर बसून कानशीने त्याच नाकाची कड घासत होतात.

मग त्यांचा माणूस तपासायला आला. उंच, म्हातारा, गुडघे धरून बसणारा. त्याच्याकडे एक जुनी वही होती, त्यात जगभरच्या उरलेल्या गाड्यांची मापं. तो गोदामातल्या सतरंजीवर आडवा झाला, आधी उजवी बाजू मोजली, मग डावी. मग परत डावी. दीड सूत, दीड सूत, असं माझ्या डोक्यात घणघणत होतं. तुमच्यावर मनातल्या मनात किती चरफडलो मी.

तो उठून बसला आणि हसला. म्हणाला, मी मोजलेल्या प्रत्येक गाडीची डावी बाजू अशीच फुगीर आहे. ज्या कारागिराने ही नाकं ठोकली त्याची ती लकबच होती. हे माझ्या वहीबाहेर कुणाला माहीत नाही. नंतर कुणी पत्रा बनवला असता तर त्याने दोन्ही बाजू सारख्या केल्या असत्या. तेव्हा हे नाक ओरिजनल आहे. आणि वर म्हणाला, ही डावी बाजू त्या एकाच माणसाच्या हातून होऊ शकते, दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही. 'बाप' हा शब्द माझा, पण अर्थ तोच होता.

रज्जाकभाई, तुम्ही तिथेच उभे होतात, खांबाला टेकून, हातात फडकं. मी तुमच्याकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही.

त्याने मात्र बघितलं. हे कोण, विचारलं. मी म्हणालो, पॉलिशचं काम करतात. त्याने पुढे होऊन तुमच्याशी हात मिळवला आणि तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. तळव्यावरचे घट्टे त्याच्या लक्षात आले असणार, मूर्ख नव्हता तो. मग मला म्हणाला, यांना विचारा, या नाकाला यांनी कधी हातोडी लावली आहे का?

तुम्हा दोघांच्या मध्ये मी एकटाच दोन्ही भाषा येणारा. मी तुमच्याकडे वळलो आणि मराठीत विचारलं, "साहेब विचारताहेत, तुम्हाला त्यांना काही विचारायचं आहे का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मान हलवलीत. "नही, मास्तर."

मी साहेबाकडे वळून म्हणालो, ते नाही म्हणतात.

तो गेल्यावर तुम्ही मला एवढंच विचारलंत, "काय म्हने सायेब?" आणि मी सांगितलं, गाडी छान आहे म्हणाला.

इतकी वर्षं मी स्वतःची एका गोष्टीवर समजूत घालत आलो. फसवलं खरं, पण तुम्हाला कळलं तरी नाही. तुम्हाला इंग्रजी कुठे येत होतं? ती समजूत जियारतीच्या दिवशी तुमच्या अंगणात मोडली. माझ्या मागे दोन मेकॅनिक बसले होते. हळू आवाजात एका जीपबद्दल बोलत होते. "लेफ्ट का फेंडर ओरिजनल नहीं है, नोज पे भी हॅमर मारा है किसी ने." लेफ्ट, नोज, हॅमर, ओरिजनल. तुमच्या धंद्याचे सगळे शब्दच ते. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात याहून वेगळा शब्द होता तरी कुठला? आणि पॉलिश? तो तर माझ्या मालतीलाही कळला असता.

म्हणजे तुम्ही प्रश्न समजून 'नही' म्हणालात. माझ्या प्रश्नाला नव्हे, त्याच्या. मी ज्या खोटेपणात तुम्हाला नकळत ओढलं असं समजत होतो त्यात तुम्ही जाणूनबुजून पाऊल टाकलंत, माझी अब्रू राहावी म्हणून. यामुळे मला हलकं वाटायला हवं होतं का? उलटंच झालं. अजाण माणसाला फसवल्याचं ओझं एक वेळ पेलतं. मित्राने बघता बघता पदरात घेतलेल्या पापाचं ओझं कसं पेलायचं, तुम्हीच सांगा.

पुढे माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो, गाडीच्या नाकावर हात ठेवून उभा असलेला मी. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, धुळ्याहून मुद्दाम आला होतात. मी भाषणात 'माझे सहकारी' म्हणालो, नाव घेतलं नाही. घरी आल्यावर मालतीने नारळ देवापुढे ठेवला नाही, ओट्यावर ठेवला. म्हणाली, "रज्जाकभाईंचं नाव राहिलं." मी म्हटलं, घाईत राहून गेलं. त्या नारळाची तिने चटणी केली आणि मी ती चवीने खाल्ली.

आपण भेटत राहिलो. ईदला शीरखुर्मा, दिवाळीला आमच्याकडचा फराळ, नसीमचं लग्न, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन. गाडीचा विषय तुम्ही एकदाच काढलात. अण्णा गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती परदेशी पाठवली होती. "ती गाडी आते कोठे शे, मास्तर?" मी म्हटलं, गेली समुद्रापार. तुम्ही म्हणालात, जिथे असेल तिथे उजव्या बाजूने बघतात की डाव्या, कुणास ठाऊक. मी विषय बदलून तुमच्या गुडघ्यांवर आणला.

तुम्हाला दाखवलं नाही असं आणखी एक आहे. दोन वर्षांपूर्वी त्या संघाकडून मला छापील अंक आला. त्यात आपल्या गाडीचं पानभर चित्र. खाली लिहिलं होतं की उरलेल्या गाड्यांत हेच नाक सर्वांत अस्सल आहे, तेव्हा ज्यांना आपल्या गाडीचं नाक दुरुस्त करायचं असेल त्यांनी याचाच साचा घ्यावा. वाचलंत? धुळ्याच्या रज्जाक डेंटरच्या हातोडीबरहुकूम तिकडचे लोक आता नाकं बनवताहेत. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तो अंक घेऊन मी धुळ्याच्या बसमध्ये बसायला हवं होतं. कपाटात वर्तमानपत्रांखाली ठेवून दिला.

जियारतीहून परतल्यावर मी आधी त्या संघाला लिहिलं. सगळं लिहिलं. डावी बाजू कुणी केली, कधी, कुठे, साबणासकट. गाडी दुसऱ्या यादीत टाका, म्हटलं, पण कारागिराचं नाव लिहा. अजून उत्तर नाही. ते पत्र लिहायला फार अवघड गेलं नाही, कारण ती माणसं लांबची. लांबच्या माणसांपुढे खरं बोलायला मला तसंही कमी लाज वाटते. मालतीने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "आता धुळ्याला कधी जाताय?"

काल गेलो.

तुमच्या मागे भाभी इद्दतमध्ये आहेत, परक्या पुरुषापुढे येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी नसीमला म्हटलं, तुला सांगायचं ते अम्मींच्याही कानावर पडू दे. तिने मला पुढच्या खोलीत बसवलं आणि आतल्या खोलीच्या पडद्याशी स्वतः बसली. आत बायका होत्या, बांगड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तांदूळ निवडत होतं. मी सुरुवात केली. ओली सरकी, कुजलेला गाल, आठ महिने. "ते पूर्ण डावं नाक तुझ्या अब्बांनी बनवलं. मी सगळ्यांना सांगितलं की ते मूळचंच आहे. आणि त्यांच्याबद्दल सांगितलं की ते पॉलिश करतात."

आतला तांदळाचा आवाज थांबला.

मग पडद्याआडून भाभींचा आवाज आला. पूर्वी तुमच्या घरी त्या आतून चहा पाठवताना 'कम शक्कर है' एवढंच म्हणायच्या, त्यापलीकडे मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. "पॉलिश बोले थे आप?"

"हो, भाभी."

"घर आ के वो भी यही बोले. पेपर में आपकी फोटो थी. मैं पूछी, आपका नाम कहाँ है? आठ महिने दुकान बंद, सब गिऱ्हाइक गए, नाम कहाँ है? बोले, मैं तो खाली पॉलिश किया था." मग म्हणाल्या, "बीस साल मैं उनको पॉलिशवाले बोली, भाईसाब. हँसी में बोली, गुस्से में भी बोली. मेहमानों के सामने बोली."

नसीमने मान खाली घातली. मला वाटत होतं माझा अपराध तुमचा आणि माझा आहे. तो तुम्ही घरी घेऊन गेलात आणि रोज ताटात वाढून घेतलात, हे मला काल कळलं. एकदा, फक्त एकदा खरं सांगितलं असतंत तर हे टोमणे थांबले असते. तुम्ही मला दिलेला तो 'नही' घरातसुद्धा मोडला नाहीत. कशासाठी, रज्जाकभाई? इतकं भलं असायची काय गरज होती? मला रागच आला तुमचा, खरं सांगतो, आणि त्या रागातच मी रडलो, तुमच्या मुलीसमोर, नाक पुसत.

भाभी मला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. मी वाट बघत होतो, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "वो साहब क्या बोला था? काम देख के?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याचं वाक्य मी तुमच्यासाठी मराठीत कधीच आणलं नव्हतं. काल माझ्या मोडक्या हिंदीत आणलं. म्हटलं, भाभी, साहेब बोला, यह बायाँ बाजू एक ही आदमी का हाथ बना सकता है, दुसरे किसी को नहीं जमेगा. मैंने रज्जाकभाई को बोला था, गलत है. मैं बोला था, नापास कर दूँगा. वो सही थे, भाभी. मैं गलत था. और मैंने उनको कभी बताया नहीं.

आत हालचाल झाली. कुणीतरी कुणाला तरी सरकायला सांगत होतं, सतरंजी ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, बोलणं संपलं, आता निघावं.

"फिर से बोलो, भाईसाब," पडद्याच्या अगदी जवळून भाभींचा आवाज आला. "जरा जोर से. उनकी बहनें बैठी हैं यहाँ, मोहल्ले की सब बैठी हैं. इन सबके सामने बोली थी मैं."

मी उठून उभा राहिलो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जावा म्हणून उभा राहायचो तसा. आणि पुन्हा सगळं सांगितलं, तुमचं नाव घेऊन, पहिल्यापासून.